पाच वेळा का

धुलाईघरात सुधारणा यायची ती न बोलावलेल्या पाहुण्यासारखी. येताना गाजावाजा, मग काही दिवस सगळ्यांच्या पायात पाय, आणि जाताना काहीतरी मागे विसरून जायची. पहिली सुधारणा भिंतीवर एक पिवळा झाडू रंगवून गेली. खरा झाडू कायम त्या रंगवलेल्या झाडूवरच टांगायचा, म्हणजे शोधाशोध होणार नाही, असा हुकूम होता. त्या दिवसापासून खरा झाडू कुणाला वेळेवर सापडला असेल तर शपथ. दुसरी सुधारणा माणसांना पट्टे वाटून गेली. कमरेला बांधायचे नव्हेत, कागदावरचे, कराटेत मिळतात त्या रंगांचे. कुणाला पिवळा, कुणाला हिरवा. धुण्याच्या मोठ्या ड्रमांवर एक गोल गरगरीत माणूस होता, त्याला सगळे ढोल म्हणायचे. त्याला हिरवा पट्टा मिळाला. तो कागद त्याने ड्रमाच्या काचेवर चिकटवला आणि म्हणाला, "आता मळक्या चादरी मला बघून आपण होऊन आत उड्या मारतील."

त्यामुळे तिसरी सुधारणा दारात उभी राहिली तेव्हा कुणी मान वर केली नाही. थोरलीने मात्र केली.

थोरली म्हणजे घडीच्या आणि शिवणाच्या खोलीची मुख्य. मोठ्या दवाखान्याचं धुलाईघर ते. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे अंगरखे, सगळं मळकं एका दाराने आत यायचं आणि धुऊन, वाळवून, इस्त्री होऊन वाटपाच्या खिडकीतून बाहेर जायचं. फाटकं असेल ते मधे शिवणाच्या टेबलावर थांबायचं. त्या टेबलावर थोरलीची धाकटी जाऊ बसायची. एक धाकटी म्हणून दुसरी थोरली. थोरली नाकावर माशी बसू न देणारी बाई. चादरीचे चार कोपरे जुळले नाहीत तर त्या चादरीची काय बिशाद होती तिच्या टेबलावरून हलायची! माणसांचंही तेच.

तर तिसरी सुधारणा. मऊ तळव्यांचे बूट, पाठीला पिशवी, तरणाताठा माणूस. साहेबांनी सगळ्यांना घडीच्या खोलीत उभं केलं.

"आपल्या कामात फुकट काय जातं, ते हे शोधून देणार आहेत."

"फुकट म्हणजे?" ढोल कुजबुजला.

"म्हणजे तू," थोरलीने सांगितलं.

"आणि यातून कुणाचीही नोकरी जाणार नाही," साहेब म्हणाले. तोवर नोकरीचा विचार कुणाच्या डोक्यातही नव्हता. साहेबांनी तो स्वतःच्या हाताने तिथे नेऊन ठेवला.

मग पिशवीवाला बोलला. "माझी पद्धत अगदी साधी आहे. कुठे काही चुकलं की माणसाला दोष द्यायचा नाही. फक्त 'का' विचारायचं. उत्तर आलं की त्यालाही 'का'. असं पाच वेळा. पाचव्या खेपेला मूळ हाती लागतं."

"आमच्याकडे एकदाच विचारतात," ढोल म्हणाला. "'का रे?' एवढंच. मग मूळ, खोड, फांद्या, सगळं आमच्याच हातात देतात."

सगळे हसले. साहेबही हसले, आधी पाहुण्याच्या तोंडाकडे बघून.

"लेकरं बोलायला लागली की असंच विचारतात," थोरली म्हणाली. "आकाश निळं का, मांजर बोलत का नाही. पाचव्या खेपेला आम्ही पाठीत धपाटा घालायचो. मूळ तिथेच हाती लागायचं."

"मावशी, तुमचा मुद्दा मला—"

"तुझ्या आईला बहीण आहे का रे?"

"नाही."

"मग मावशी कुठून उगवली? मला थोरल्या बाई म्हणतात."

संध्याकाळ व्हायच्या आत त्याचं नाव कावळा पडलं. का, का करत फिरतो म्हणून. थोरली सगळ्यांत मोठ्याने हसली. पण घरी जाताना रस्ता ओलांडायचं भान तिला राहिलं नाही. एका सायकलवाल्याने शिवी दिली, आणि तिने ती चक्क ऐकून घेतली. धाकटी म्हणाली, "जाऊबाई, बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय?"

धाड नव्हती, पण जीव थाऱ्यावर नव्हता. कारण असं, की धाकटीचा उजवा अंगठा कामातून गेला होता. शिवणाच्या टेबलावर इतकी वर्षं कापड दाबून दाबून त्याचं बोंड सुजलं, सांधा धरला, आणि आता ठिगळ ताणून धरायची ताकद त्यात उरली नव्हती. शिवण वरून ठीक दिसायची. पण एकदा ड्रमात गरगरली की तोंड उघडायची. थोरलीच्या हे कधीच लक्षात आलं होतं. तेव्हापासून बाकीचे चहाला गेले की ती धाकटीने शिवलेला गठ्ठा "मोजून घेते" म्हणून आपल्या कोपऱ्यात न्यायची, शिवण उसवायची आणि पुन्हा घालायची. चहा सुटला तो सुटलाच. लोक म्हणायचे, बाई फार चिकित्सक. म्हणू देत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

धाकटीला या नोकरीत आणलं थोरलीनेच. धाकटा दीर गेला तेव्हा ही एवढीशी होऊन भिंतीला टेकून बसली होती, आणि माहेरच्यांनी तोंड फिरवलं होतं. तेव्हा थोरली सगळ्या घरासमोर म्हणाली होती, हिला मी सांभाळीन. बोलली ती बोलली. आता हा कावळा टोच मारत मारत त्या अंगठ्यापर्यंत पोचला, तर धाकटी पुन्हा भिंतीला टेकून बसणार. शिवण येत नाही, त्या शिवणारणीला कोण ठेवून घेतो?

म्हणून थोरलीने खोलीतल्या सगळ्यांना बजावून ठेवलं. "हो म्हणायचं. तोंडभर हो म्हणायचं आणि करायचं तेच करायचं. नव्याचे नऊ दिवस. झाडूवाला गेला, पट्टेवाला गेला, हाही जाईल."

पण हा जाईना. आधीचे दोघे साहेबांच्या खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकायचे. हा खाली उभा राहायचा. कोपऱ्यात, हाताची घडी घालून, तोंडातून ब्र न काढता. पहिल्या दिवशी लोक त्याला टरकून होते, दुसऱ्या दिवशी त्याला चहा देऊ लागले, आणि पुढे पुढे तर तो तिथे आहे हेच विसरले. थोरली कशी विसरणार? तो उभा राहायचा नेमका तिच्या कोपऱ्यासमोर, कारण तिथून सगळी खोली दिसायची.

त्यातच त्याने काही चादरींच्या कोपऱ्याला लाल दोरा बांधला.

"नजर लागू नये म्हणून?" ढोलने विचारलं.

"एक चादर आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंत कुठे कुठे फिरते, ते बघायचंय."

"आम्हाला विचारायचं की. मी सांगितलं असतं. चादरीला काय, मलाही इथून बाहेर जायची घाई असते."

थोरलीला हसू आलं नाही. चहाची वेळ झाली, सगळे गेले, धाकटीही गेली. कावळा तिथेच. थोरली गठ्ठ्याला हात लावायला उठली आणि पुन्हा बसली. उठली, अभ्र्यांची चळत डावीकडून उजवीकडे नेली. मग उजवीकडून डावीकडे आणली.

"हे का हलवलंत?" कावळ्याने विचारलं.

"हवा लागायला."

त्याने ते लिहून घेतलं. मेला, तेही लिहून घेतलं!

असे दिवसामागून दिवस गेले. धाकटीचे गठ्ठे जसेच्या तसे खिडकीतून बाहेर जाऊ लागले. थोरलीचा जीव टांगणीला. पायाला भिंगरी लागल्यासारखी ती खोलीभर फिरायची, ज्याच्या त्याच्या अंगावर खेकसायची. इस्त्रीच्या रोलरवरच्या पोरीला रडवलं. ढोलला म्हणाली, तुझ्या ड्रमाचा आवाज डोक्यात जातो. जसा काही तो ड्रम कालच आणलाय. घरी आली तरी तेच. धाकटी दोन्ही मनगटांच्या मधे धरून पातेलं उतरवायला गेली, तर हिने ते हिसकावून घेतलं. "ठेव. मी आहे ना."

"मला येतं हो तेवढं," धाकटी हळूच म्हणाली.

"दिसतंय काय येतं ते."

धाकटी पुढे बोलली नाही. ती बोलायची नाहीच. थोरलीला वाटायचं, गरीब गाय आहे.

व्हायचं तेच झालं. लाल दोऱ्याची एक चादर वॉर्डातून परत आली आणि ड्रमातून निघाली ती ठिगळाच्या तीन बाजू उघडून, जीभ बाहेर काढल्यासारखी. पाठोपाठ आणखी आल्या. कावळ्याने त्या घडीच्या टेबलावर पसरल्या आणि साहेबांना बोलावलं. ढोल आला, रोलरवाल्या पोरी आल्या, धाकटी आपल्या जागेवरून उठून सगळ्यांच्या मागे उभी राहिली.

"दोष कुणालाच द्यायचा नाहीये," कावळा म्हणाला. "शिवलेल्या चादरी तिथेच पुन्हा फाटल्या. का?"

थोरलीला धाकटीकडे बघायचा धीर झाला नाही. तिने एकदम तोंड उघडलं. "ड्रम. ड्रमात फाटतात."

"ड्रममध्ये का फाटतात?"

"पाणी फार कढत असतं. कापड विरतं."

"पाणी इतकं गरम का?"

आता हे तिने कुठे ठरवलं होतं? तिला नुसतं ड्रमापर्यंत जायचं होतं. ड्रमाला ना आई ना बाप, ना त्याला घर चालवायचं. पण 'का'चं असं असतं, की त्याला ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला तो घरंगळत जातो, आणि मग उतारावर थांबत नाही.

"ताप वाढवून ठेवतात," ती म्हणाली.

"कोण वाढवतं?" हे साहेबांनी विचारलं. 'का' बाजूला राहिला, 'कोण' आला. ते कधीतरी येणारच होतं.

ड्रमावर माणूस एकच. सगळ्यांच्या माना आपोआप तिकडे वळल्या.

ढोलने तोंड उघडलं, मिटलं. त्याला दर वेळी काहीतरी सुचायचं. या वेळी सुचलं नाही. "बाई?" एवढंच तो म्हणाला. तिची बाजू तो कधीपासून घेत आलेला. तिची बोलणी खाऊन हसणारा. त्याचा तो गोल चेहरा हवा गेल्यासारखा झाला.

साहेब म्हणाले, "लेखी खुलासा द्या. दवाखान्याचं एवढं कापड नासलंय म्हणजे—"

"पाणी ठीक आहे," मागून आवाज आला.

लोक बाजूला झाले. धाकटी पुढे आली, आणि तिने उजवा हात टेबलावर, लाल दोऱ्याच्या चादरीवर ठेवला. तळवा खाली, अंगठा वेडावाकडा.

"शिवण माझी आहे. अंगठा चालत नाही माझा. कापड ताणून धरता येत नाही, म्हणून उसवतं."

"अगं, गप्प बस," थोरली म्हणाली.

"झाले की किती दिवस गप्प बसून." धाकटी साहेबांकडे बघतच नव्हती. "आजवर उसवत नव्हतं, कारण मी शिवलेलं जाऊबाई उसवतात आणि पुन्हा शिवतात. चहाच्या वेळी. हे आता इथे उभे राहतात, म्हणून त्यांना करता येत नाही."



"तुला ठाऊक होतं?" थोरलीने विचारलं.

"म्हणजे काय? माझं ठिगळ सुरकुतलेलं असतं. दुसरीकडे फाटून परत माझ्या हाताखाली येतं तेव्हा इस्त्री फिरवल्यासारखं सपाट. आपला टाका आपल्याला ओळखू येत नाही होय? मला वाटायचं, मी शिवायचं ते कशाला? तुम्ही उसवायला?"

"मग बोलली का नाहीस?"

"कशी बोलणार होते? तुम्ही चहा सोडून माझ्यासाठी कोपऱ्यात बसायच्या. त्यावर मी म्हणू, की मला शिवणच नको? भिंतीकडे तोंड करून बसायचा कंटाळा आलाय, मला वाटपाच्या खिडकीवर बसायचंय? तुम्ही म्हणाल, एवढं सांभाळलं आणि हिला आता जागा निवडायचीय. म्हणून दोघी आपल्या शिवत राहिलो. एकच चादर, दोन दोनदा."

कुठल्यातरी पोरीला हसू फुटलं. तिने ते खोकल्यात घातलं.

कावळा मात्र खुलला. फळ्याकडे गेला, मोठ्या अक्षरात 'दुहेरी शिवण' लिहिलं, खाली रेघ ओढली. मग थोडं थांबून लिहिलं, 'मूळ कारण: संवादाचा अभाव'.

"म्हणजे जावाजावांचं बोलणं," ढोल म्हणाला. त्याच्या अंगात पुन्हा हवा भरली होती. "हे शोधायला बाहेरून माणूस आणावा लागला! आमच्या घरी पाठवा यांना. माझ्या बायकोचा आणि आईचा अभाव केवढा आहे ते बघतील तरी."

या वेळी साहेब कुणाकडे न बघता हसले. खिडकीवरचा माणूस दवाखान्यात आतलं काम मागत कधीचा मागे लागला होता; त्याला तिकडे पाठवायचं ठरलं. खिडकीवर धाकटी. शिवणाला रोलरवरची ती रडवलेली पोरगी, तिचा हात चांगला होता. एवढं सगळं उभ्या उभ्या ठरलं. कुणाची नोकरी गेली नाही. ज्या भीतीने थोरलीच्या पोटात इतके दिवस खड्डा पडला होता, ती भीती अशी सुंठीवाचून खोकला जावा तशी गेली, आणि खड्डा मात्र होता तिथेच राहिला.

ती ड्रमांकडे गेली. ढोल काचेतून आत बघत उभा होता.

"पाण्याचं मी आपलं बोलून गेले," ती म्हणाली. याहून जास्त तिच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"राहू द्या, बाई. अजून एक का विचारला असता, तर माझ्या आजोबांपर्यंत पोचला असतात तुम्ही." तो हसला. पण ड्रमाचं दार त्याने जरा जोरातच लावलं, आणि ते तिला ऐकू गेलं.

संध्याकाळी दोघी चालत निघाल्या. दुकानांची दारं खाली ओढली जात होती.

"चारचौघांत सांगायची गरज होती?" थोरली म्हणाली.

"त्याच्यावर ढकलत होतात तुम्ही."

"तुझ्यासाठीच ना!"

"तेच तर." धाकटी थांबली. "जाऊबाई, तुम्ही नसतात तर मी कुठे असते, हे मला रोज उठल्यावर आठवतं. रोज. पाणी पितानासुद्धा. एखादा दिवस तरी नुसतं पाणी प्यावं की नाही माणसाने?"

थोरलीला उत्तर सुचलं नाही असं नाही. तिला कधी सुचलं नाही असं झालंच नाही. चांगली तीन उत्तरं जिभेवर आली, एकाहून एक झोंबरी. ती तिने गिळली, आणि त्यांनी आत जाऊन आणखी उलथापालथ केली.

"उद्यापासून मी आधी निघणार," धाकटी म्हणाली. "खिडकी लवकर उघडते. तुम्ही थांबू नका माझ्यासाठी."

"मी कशाला थांबते? उलट बरं झालं, सकाळी पाय पसरायला जागा होईल."

दुसऱ्या दिवशी कवाड लागल्याचा आवाज आला तेव्हा थोरली जागीच होती. तिने चूल आवरली, ती आवरलेलीच होती. नवरा म्हणाला, "बस जरा, अजून वेळ आहे." ती बसली. अंथरुणाची घडी मोडून पुन्हा घातली. कोपरे जुळले होते. तिने ती परत मोडली.

"तुला झालंय तरी काय? परत का मोडलीस?" नवऱ्याने विचारलं.

"तूही सुरू कर आता," ती म्हणाली, आणि चपला घालून बाहेर पडली.

रस्ता रिकामा होता. कोपऱ्यावर वळली तर पुढे धाकटी दिसली. धाकटी नेहमी तिच्या मागे अर्ध्या पावलावर चालायची, म्हणून तिची पाठ थोरलीने अशी कधी बघितलीच नव्हती. हात हलवत चालली होती. घाईत नव्हती. मधेच एका दुकानाच्या काचेत तिने केस नीट केले आणि पुढे गेली.

थोरलीची चाल झपाट्याची. चार ढांगांत तिने तिला गाठलं असतं. हाक तर ओठांवर आलीच होती, अगं ए, थांब. तिने ती आत ओढली आणि पाय आवरले. हळू चालणं म्हणजे काय शिक्षा असते ते तिला त्या सकाळी कळलं. पिंडऱ्या दुखायला लागल्या, छातीत काहीतरी धावतच राहिलं. एक बाई मागून येऊन तिला ओलांडून गेली. तिला! तरी ती तशीच, एकेक पाऊल मोजल्यासारखं टाकत, मागून चालत राहिली.